एका गुंठ्याचा ठिपका

माझं काम मोजणीचं. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर काही वर्षं रस्त्याच्या कंत्राटदाराकडे टोटल स्टेशन, म्हणजे तिवईवरचं कोन-अंतर मोजणारं यंत्र, चालवलं. आता बारामती, इंदापूर, पुरंदर या पट्ट्यात स्वतःचं रोव्हर (उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा अचूक सांगणारं हातातलं यंत्र) आणि ड्रोन घेऊन खासगी सर्व्हे करते. सुरुवातीला फोन यायचे ते दोनच कामांसाठी. प्लॉट पाडून द्या, नाहीतर बांधाचं काय ते बघून जा. आता सोलरवाल्यांना जमिनीचा उतार हवा असतो, खाणवाल्यांना खड्ड्यातून किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) दगड निघाला ते, उपसा सिंचनाच्या सोसायटीला पाइपलाइनची लेव्हल आणि साखर कारखान्याच्या शेतकी खात्याला उसाच्या प्लॉटची हद्द. विजेच्या खांबांपासून द्राक्षबागेच्या ओळींपर्यंत सगळ्यांनाच अक्षांश-रेखांश लागायला लागले आहेत.

मला याचा मनापासून आनंद आहे. पण एक गोष्ट गेली काही वर्षं सारखी डोक्यात घोळते आहे. या सगळ्यांच्या नकाशांखाली शेवटी असतो तो आपल्या गटाचा बांधच. पूर्वी त्या बांधाशी दोन शेजाऱ्यांचा आणि तलाठ्याचा संबंध यायचा. आता त्याच रेषेवर विमा कंपनी, बँक, कारखाना आणि रस्त्याचं भूसंपादन असे सगळे हिशेब करतात. रेषा मुळात चुकली, तर ती सगळीकडे चुकते.

आधी उपग्रहाचं सांगते, कारण लोक सगळ्यात जास्त तेच विचारतात. "मॅडम, उपग्रहावरून आमच्या उसाचं सगळं दिसतं म्हणे?" दिसतं, पण किती ते समजून घ्यायला हवं. पिकांसाठी सर्रास वापरला जाणारा उपग्रह म्हणजे युरोपचा सेंटिनेल-२. त्याची चित्रं फुकट मिळतात आणि जोडीतले दोन्ही उपग्रह चालू असले की साधारण ५ दिवसांनी नवं चित्र येतं. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतं. या दोन्हींच्या फरकावरून पीक जोमदार आहे की पिवळं पडतंय याचा अंदाज बांधतात. या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर गुणिले १० मीटरचा असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. आणि आपला गुंठा? ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरपेक्षा किंचित जास्त. उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कागदावर दोनदा आकडे मांडून पाहिले होते.

आता वीस गुंठ्यांचा तुकडा घ्या. चौकोनी धरला तर बाजू सुमारे ४५ मीटर. त्यात पूर्णपणे आत बसणारे ठिपके फार तर बारा-सोळा, बऱ्याचदा नऊच. बाकीच्या ठिपक्यांत थोडा आपला ऊस, थोडा बांध, बांधावरची बाभळ आणि थोडी शेजाऱ्याची मका. आणि आपल्याकडचे तुकडे चौकोनी कुठे असतात? वाटण्या होऊन होऊन वीस-पंचवीस फुटांच्या लांबट पट्ट्या झालेल्या आहेत. अशा पट्टीत एकही निर्भेळ ठिपका बसत नाही. त्यातून हद्द चार-पाच मीटरनं सरकलेली असली, तर शेजाऱ्याचंच पीक आपल्या नावावर वाचलं जातं. पंजाबातल्या किंवा अमेरिकेतल्या मोठ्या शेतांना हे सोसतं, आपल्याला सोसत नाही. म्हणून मी कारखान्याच्या लोकांना आवर्जून सांगते की आधी प्लॉट नीट फिरून घ्या, मग पडद्यावरचे रंग बघा. उसाच्या नोंदी घेत फिरणाऱ्या चिटबॉय पोराच्या हातात चांगलं यंत्र द्या. तोडणीचा क्रम लावताना कोणता प्लॉट आधी पक्व झाला हे या चित्रांवरून खरोखर कळू शकतं आणि साखर उताऱ्याला त्याचा फायदा होतो. पण हे सगळं प्लॉटची कड बरोबर असेल तर.

पावसाळ्यात आणखी एक अडचण. ढग आले की सेंटिनेल-२ आंधळा. तिथे रडारचे उपग्रह कामाला येतात, कारण त्यांच्या लहरी ढगातून आरपार जातात. साचलेलं सपाट पाणी ती लहर दुसरीकडेच परावर्तित करतं, म्हणून चित्रात काळं दिसतं. पुराचं पाणी कुठवर पसरलं ते भर पावसात याच पद्धतीनं कळतं. आपल्या इस्रोचा आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला तोही रडारचाच. तो दर १२ दिवसांनी तीच जागा पुन्हा बघतो आणि जमीन काही सेंटिमीटर खचली किंवा सरकली तरी टिपू शकतो. माळीण, तळीये, इर्शाळवाडी ही दरडीखाली गेलेल्या गावांची नावं ज्यांच्या मनातून जात नाहीत, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. आणि समुद्रावरचं तंत्र तर आपल्या कोकणातल्या बांधवांना आमच्या आधीपासून माहीत आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहावरून मोजून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था कळवते.

आता माझ्या रोव्हरकडे येते.

मोबाइल मोकळ्या आभाळाखाली आपली जागा साधारण पाच मीटरच्या आत सांगतो. २ मे २००० पूर्वी अमेरिका सामान्य लोकांसाठीचा जीपीएसचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायची. त्या दिवशी ते बंद झालं आणि पुढचं सगळं जग बदललं. पण पाच मीटर म्हणजे सोळा फूट. सोळा फुटांवरून आपल्याकडे डोकी फुटतात. रोव्हर हेच काम दोन-तीन सेंटिमीटरमध्ये करतं. ते उपग्रहाकडून येणाऱ्या लहरीच मोजतं. एक लहर सुमारे १९ सेंटिमीटरची असते. वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहापासून आपल्यापर्यंत अशा नेमक्या किती पूर्ण लहरी मावतात हा आकडा यंत्राला सोडवावा लागतो. त्यासाठी जवळ कुठेतरी जागेवर पक्कं बसवलेलं दुसरं यंत्र लागतं, जे वातावरणामुळे आणि घड्याळांमुळे येणारी चूक क्षणोक्षणी कळवत राहतं. पूर्वी हे बेस यंत्र आम्हालाच तिवईवर लावून तिथे एक माणूस राखण बसवायला लागायचा. आता सर्व्हे ऑफ इंडियाची कायमस्वरूपी कॉर्स केंद्रं आहेत, आपल्या राज्यातही त्यांचं जाळं आहे. मोबाइलच्या सिमवरून दुरुस्ती येते आणि पडद्यावर "फ्लोट" जाऊन "फिक्स" येतं, म्हणजे लहरींचा तो आकडा अंदाजावर न राहता पक्का सुटतो. फिक्स आल्याशिवाय मी बिंदू घेत नाही. कितीही ऊन असो, मालक कितीही घाई करो.

चिंचेखाली, वडाखाली किंवा उंच उसाच्या सरीत फिक्स हटकून जातो. सूर्यास्तानंतरही कधीकधी त्रास होतो. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे आयनोस्फियरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरात, संध्याकाळी खळबळ माजते आणि सिग्नल थरथरतो. सूर्यावर डागांचं प्रमाण वाढलं की हा त्रासही वाढतो. मे २०२४ मध्ये मोठं सौर वादळ आलं तेव्हा अमेरिकेत पेरणीची जीपीएसवर चालणारी ट्रॅक्टरं ऐन हंगामात अडली होती. मी उन्हाळ्यातली मोजणी सकाळी लवकर सुरू करते आणि दिवेलागणीच्या आत आवरते ती याचसाठी.

पण खरी गोष्ट यंत्राच्या अचूकतेपुढची आहे. इंदापूर तालुक्यातल्या एका बांधाचं सांगते.

दोन शेजारी, मधे बांध, बांधालगत विहीर. एका घरच्या मुलानं मोबाइलवर गावाचा नकाशा उघडला, त्यावर स्वतःचा निळा ठिपका पाहिला आणि ठरवून टाकलं की बांध आपल्या रानात बारा फूट सरकवलाय. त्याच्या वडलांनी मला बोलावलं. मी आधीच सांगितलं की मी खासगी आहे, हद्द कायम करणं माझं काम नाही, ते भूमी अभिलेखच्या भूकरमापकाचंच. मी फक्त जमिनीवर आज काय आहे ते अचूक मांडून देईन आणि तुमच्याकडच्या जुन्या कागदाशी ताडून दाखवीन. दोन्ही घरचे हजर असतील तरच येईन, हीही अट घातली.

त्यांनी गटाचा नकाशा आणि जुन्या सर्व्हे नंबरच्या टिपणाची नक्कल काढून आणली होती. टिपण म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी शेताची मापं लिहिलेला कच्चा नकाशा. हा कागद मला फार आवडतो. आपल्या मुलखातली शेतवार मोजणी आणि आकारणीची जी पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली, तिची सुरुवात १८३५ च्या सुमारास याच इंदापूर तालुक्यात झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी होते. त्याआधी प्रिंगल नावाच्या साहेबानं केलेली आकारणी कागदावर फार शास्त्रशुद्ध होती, पण शेतकऱ्यांना ती भरणं अशक्य झालं आणि गावंच्या गावं उजाड पडली. त्यानंतर हे दोघे आले. त्यांच्या पद्धतीतली साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही टिपणावर मधली पायारेषा आणि तिच्यापासून डावी-उजवीकडची अंतरं साखळी-आण्यांत लिहिलेली दिसतात.

आता विचार करा. मूळ नोंद ज्या मापात आहे त्याचा सगळ्यात लहान भाग दोन फुटांचा, आणि माझं रोव्हर वाचतं दोन सेंटिमीटर. माझं यंत्र कितीही बारीक असलं, तरी कागदात जे लिहिलेलंच नाही ते ते कुठून आणणार? त्यात एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, काही ठिकाणी जुने तुकडे जोडून नकाशे काढले गेले, कापडावरचे आणि कागदावरचे नकाशे वर्षानुवर्षांच्या दमटपणानं आकसले, मग ते स्कॅन झाले आणि उपग्रहाच्या चित्रावर बसवले गेले. यातल्या प्रत्येक टप्प्यावर रेषा थोडी थोडी हलते. पोरानं मोबाइलवर पाहिलेले बारा फूट हे त्या हलण्याची आणि मोबाइलच्या पाच मीटरची बेरीज होती.

मग पक्की खूण शोधायची. शेजारच्या घरातले म्हातारे आबा तोवर गप्प बसून होते. ते म्हणाले, "तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड अजून हाय. मी तो हलू दिला न्हाई." घाणेरीच्या जाळीत कोयता चालवत गेलो तर दगड खरोखर जागेवर होता, निम्मा मातीत. दुसरी खूण ओढ्याकडेला मिळाली, तिसरी बांधाच्या कोपऱ्यावरचा जुना बुरूज, म्हणजे हद्दीची खूण म्हणून रचलेला उंचवटा, पार झिजलेला पण ओळखता येईल असा. त्या तिन्हींवर रोव्हर धरलं, अंतरं टिपणाशी ताडली. आण्यात बसली! पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोणा साखळी ओढणाऱ्या माणसांनी उन्हात घेतलेलं माप होतं ते. मी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला तासभर तेच सांगत होते.

बांधात फरक निघाला तो विहिरीच्या बाजूला दोन-अडीच फूट, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. म्हणजे टिपणाच्या मापात एखादा आणा. दोन्ही घरांनी मिळून हद्द कायम मोजणीचा अर्ज केला आणि भूकरमापक आले तेव्हा त्या तीन खुणा साफ करून ठेवल्या होत्या. भांडण तिथंच थांबलं. माझ्या यंत्रानं मदत केली हे खरं, पण आबांनी तो दगड राखला नसता तर माझ्या दोन सेंटिमीटरला धरायला जागाच नव्हती.

म्हणूनच पुरंदरमधल्या सोनोरीचं मला फार कौतुक वाटतं. मल्हारगडाच्या पायथ्याचं हे गाव. गावठाणाची ड्रोननं मोजणी करण्याचा आपल्या राज्यातला पथदर्शी प्रयोग तिथं झाला आणि पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना आली. इंग्रजांनी शेतं मोजली कारण शेतसारा हवा होता, पण गावठाणावर सारा नव्हता म्हणून गावठाणाच्या आत बहुतेक ठिकाणी मोजणीच झाली नाही. घर पिढ्यान्‌पिढ्या राहतं, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव आहे, पण जागेचा नकाशा नाही. बँक कर्ज देणार कशावर? या मोजणीत ड्रोन उडण्याआधी लोकांनी आपापल्या जागेच्या कडेनं चुना मारायचा असतो, शेजाऱ्यासमोर. मग वरून फोटो, त्यावरून नकाशा, मग चौकशी, हरकती आणि शेवटी मिळकत पत्रिका. मला या सगळ्यात तो चुना महत्त्वाचा वाटतो. हद्द ठरते ती दोन घरं एकत्र उभी राहून चुना टाकतात त्या घडीला, ड्रोन ती फक्त टिपतो.

उंचीबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण पैसा तिथंच जास्त बुडतो. उपग्रह जी उंची देतो ती एका गणिती अंड्याकृती पृष्ठभागापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नाही. आपल्या भागात या दोन्हींत ६०-७० मीटरचा फरक पडतो. म्हणून कोकणात पुळणीवर उभं राहून रोव्हर बघितलं तर उंची उणे दिसते. आणि पाणी वाहतं ते खऱ्या उंचीप्रमाणे. पाइपलाइन किंवा चारीची लेव्हल काढताना हा फरक योग्य मॉडेलनं काढून, जवळच्या बेंचमार्कवर (उंची आधीच ठरलेल्या पक्क्या खुणेवर) तपासूनच आकडे द्यावे लागतात. खाणीतही तसंच. एक हेक्टरच्या खाणीत उंचीत सरसकट १० सेंटिमीटरची चूक झाली तर १००० घनमीटरचा, म्हणजे साडेतीनशेहून जास्त ब्रासचा फरक पडतो. रॉयल्टी, दंड, कोर्टकचेरी सगळं त्या दहा सेंटिमीटरवर. म्हणून मी ड्रोन उडवण्याआधी जमिनीवर पांढऱ्या-काळ्या खुणा मांडते, प्रत्येकीवर रोव्हरनं बिंदू घेते, आणि त्यातल्या काही मुद्दाम हिशेबाबाहेर ठेवून शेवटी त्यांच्यावरच नकाशा तपासते. तपासणीचे आकडे अहवालात छापते. कोणी नुसताच रंगीत नकाशा देत असेल तर ते आकडे मागा.

मी हे काम स्वतः करू शकते ते १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या निर्णयामुळे. त्याआधी बारकाईचे नकाशे करायला परवानग्यांचं जंगल होतं. त्या दिवशी भारतीय लोकांना आणि कंपन्यांना ते मोकळं झालं. तालुक्याच्या गावातली माझ्यासारखी बाई स्वतःचं यंत्र घेऊन उभी राहू शकली ती त्यातून. यात आणखी मुली याव्यात असं मला फार वाटतं. रानात बायका माझ्याशी मोकळेपणानं बोलतात. वाटणीत बहिणीचा हिस्सा कुठं दाबला गेलाय ते पंचनाम्यात येत नाही, पण चहाच्या वेळी कळतं.

शेवटी मोजणी करून घेणाऱ्यांसाठी. भूमी अभिलेखची असो वा खासगी, नकाशाबरोबर कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मागून घ्या. ते कोणत्या कॉर्स केंद्रांवरून, कोणत्या डेटमवर (म्हणजे कोणता मूळ संदर्भ धरून) घेतले तेही लिहून घ्या आणि तारीख तर हवीच. आपली भारताची भूमीच दरवर्षी साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते आहे, म्हणजे दहा वर्षांत दीड-पावणेदोन फूट. सगळा मुलूख एकत्र सरकतो, त्यामुळे बांध बांधाजागीच राहतो, पण आज जागतिक पद्धतीनं घेतलेला आकडा २०३५ मध्ये घेतलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळणार नाही. तारीख लिहिलेली असेल तर पुढचा मोजणीदार ते सरकणं हिशेबात धरू शकतो. आकड्यांचा कागद सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा, एक प्रत शेजाऱ्याला द्या. आणि कोपऱ्यावर जुना दगड असेल तर जेसीबीवाल्याला आधीच दाखवून ठेवा.